एस्तेर फर्लोवर आली होती

शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात किस्से का साचतात, याचं कारण अगदी साधं आहे. मशीन टाकून कोणी घरी जात नाही. माणूस समोर बसतो. बसला की बोलतो. आणि पार्ट मिळाला नाही की आणखी बोलतो! त्यात आदिलाबादेतलं माझं दुकान गल्लीच्या तोंडाशी, दुकानाबाहेर लांब बाकडं, आणि बाकड्याला लागून नरसन्नाची चहाची टपरी. सकाळी दुकान झाडून घ्यावं तर संध्याकाळपर्यंत चिंध्या आणि किस्से पुन्हा तेवढेच!

पण एका वर्षातले किस्से मी वेगळे जपून ठेवलेत. ते सगळे एस्तेरचे.

एस्तेरचं घर माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. शाळेत आम्ही एका वर्गात. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, ते गेले. आई सुशीलामावशी बालवाडीत शिकवायच्या, त्यामुळे अर्ध्या गल्लीचं नाक त्यांनी पुसलेलं आहे, माझंही. एस्तेर नर्स झाली आणि मिशनतर्फे आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या देशात गेली. तिथल्या खेड्यातल्या दवाखान्यात ती बायकांची बाळंतपणं करते आणि येशूचं नाव सांगते. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणते, "वेळच नाई भेटला रे!"

चार-चार वर्षं तिकडे काढून ती घरी येते. त्यातल्या शेवटच्या येण्याची ही गोष्ट.

*

आली त्याच दिवशी संध्याकाळी रामरावकाकांनी तिला बाकड्यावरून हाक मारली. काका तहसीलीतून रिटायर झालेले. नोकरी सुटली, पण तोंडातले दरख्वास्त, मुआयना, तफ्तीश हे कचेरीतले शब्द काही सुटले नाहीत.

"किती दिवस हायेस व पोरी?"

"वर्षभर हाये काका. फर्लोवर आली."

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. एस्तेर घरात गेल्यावर मला म्हणाले, "वसंता, शटर अर्धं खाली घे."

"काऊन काका?"

"पोरीनं तिकडं काय केलं रे?"

काकांनी आवाज आणखी खाली आणला. "फर्लो कोनाले भेटते? पेपरात वाचत नाईस काय? सजा झालेल्याले! तेबी मोठ्या सजावाल्याले!"

खरं सांगतो, मीही तो शब्द पेपरात कैद्यांच्याच बातमीत वाचला होता. मी घाबरलो.

काकांनी मग गल्लीभर फिरून ताकीद दिली, "कोनी तफ्तीश करायची नाई. आपली पोरगी हाये. जे झालं ते झालं." परिणाम असा की एस्तेरला कोणी आफ्रिकेचं एक अक्षर विचारेना. बायका मात्र रोज कोणी वाटीत पिठलं, कोणी पुरणपोळी नेऊन देत होत्या. एस्तेर माझ्या बायकोला म्हणाली, "कांता, लोक माझ्याशी एवढं हळू काऊन बोलून राह्यले?" कांता पदराआड रडली!

शेवटी काकांना राहवेना. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, हिंमत हारायची नाई. वरचं कोर्ट असते."

एस्तेरचा चेहरा उजळला. "वरच्या कोर्टावर तं माझा पूर्ण भरवसा हाये काका!"

"वकील चांगला हाये ना?"

"त्याच्यासारखा दुसरा कोणी नाई!"

काकांना इतकं बरं वाटलं की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. भांडं फुटलं ते सुशीलामावशींपुढे. काका त्यांचं सांत्वन करायला गेले आणि मावशी कडाडल्या, "अहो रामराव, मिशनवाल्याईच्या सुटीले फर्लो म्हनतात! साहेबाईच्या जमान्यापासून म्हनतात!"

काका परत येऊन बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "जेलवाले तं दरसाल सोडतात. हिले चार वर्षांनी सोडलं. मंग आता तुमीच सांगा, सक्त सजा कोनाची?"

*

एकदा एस्तेरने गल्लीतल्या बायकांना तिकडचं जेवण खाऊ घालायचं ठरवलं. सकाळपासून चूल पेटलेली. तिच्या कमरेला तिकडचं रंगीबेरंगी कापड गुंडाळलेलं. मोठ्या पातेल्यात पांढरं काहीतरी ती लाकडी दांड्याने दोन्ही हातांनी घोटत होती. घामाने डबडबलेली. "ह्याले न्सिमा म्हणतात," असं तिने सांगितलं. बायका रांगेत ताटल्या घेऊन बसल्या. आफ्रिकेचं जेवण! शेजारच्या घरांतल्या पोरांना बोलावणी गेली.

पहिला घास कांताने घेतला. दुसरा घेतला. मग एस्तेरकडे पाहून म्हणाली, "अवं, ह्या तं मक्याच्या कण्या!"

सगळ्या बायकांनी चाखून पाहिलं. कण्याच! जरा घट्ट, एवढंच. एकीने उठून घरून अंबाडीची भाजी आणली, दुसरीने ठेचा, आणि पातेलं बघता बघता रिकामं झालं.

सुशीलामावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, "कण्याच खायच्या होत्या तं इमानात बसून जायाचं कायले?"

*

फर्लो म्हणजे आराम, असं आम्हाला वाटलं होतं. तसं काही नसतं. या चर्चमध्ये जा, त्या चर्चमध्ये जा, तिकडचं काम सांगा, फोटो दाखवा, असं वर्षभर चालतं. बेल्लमपल्लीच्या चर्चमध्ये तिला बोलावलं, तेव्हा मलाही तिकडे एका टेलरच्या तीन-चार मशीन बघायच्या होत्या, म्हणून आम्ही एकाच बसने गेलो. काम आटोपून मी चर्चच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो.

समोर सगळे कोळसा खाणीतले कामगार आणि त्यांची बायका-मुलं. पहाटेची पाळी करून आलेले, काहींच्या पापण्यांच्या कडेला काळी रेघ अजून तशीच. भाषा तेलुगू. एस्तेरचं तेलुगू शाळेतलं, गंजलेलं. म्हणून एक दुभाषी दिला होता. उंच, गंभीर, खाणीत फोरमन असलेला माणूस. एस्तेर हिंदीत एक वाक्य बोलायची, तो तेलुगूत सांगायचा.

बोलता बोलता एस्तेर रंगात आली. तिकडची एक बाई मेलेल्या बाळासारखं निपचित बाळ घेऊन कशी आली, त्याला कसं चोळलं, तोंडाने कशी हवा दिली, हे सांगताना ती हिंदी विसरली, मराठी विसरली, आणि सरळ मलावीची चिचेवा भाषा बोलू लागली! एक वाक्य नाही, चांगली चार-पाच! तिला स्वतःला पत्ताच नाही. मी मागे बसून घामाघूम.

दुभाषी जागचा हलला नाही. ती थांबल्यावर त्याने घसा साफ केला आणि तितकीच चार-पाच वाक्यं तेलुगूत सांगितली! समोरच्या बायकांनी डोळे पुसले.

बाहेर आल्यावर एस्तेरला मी सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. दुभाष्याकडे धावली. "अण्णा, आपको वो भाषा आती है?"

"नै अम्मा."

"तो फिर आपने बोला क्या?"

"आपका मुँह देखा ना," तो शांतपणे म्हणाला, "समझ गया. बच्चा बच गया."

बाळ खरोखरच वाचलं होतं.

*

निर्मल गावाला गेली तेव्हा ती तिथली लाकडी खेळणी घेऊन आली. पेरू, सीताफळ, आंबा, कारलं. दवाखान्यातल्या पोरांसाठी. टोपली बाकड्यावर ठेवली आणि ती आत पाणी प्यायला गेली.

रामरावकाका पेपर वाचत होते. पेपरातून मान वर न काढता त्यांनी हात घातला, पेरू उचलला, चावला.

एस्तेर बाहेर आली तेव्हा काका दाढ धरून बसलेले. "पोरी," ते म्हणाले, "तुह्या पोराईचे दात पक्के असतीन तं ने. नाईतं राहू दे."

तो दातांची खूण असलेला पेरू तिने मुद्दाम नेला. तिकडे पोरांना सांगते म्हणे, हा आमच्या काकांनी चाखून पाठवलाय!

*

एका दुपारी तीन तरुण मोटारसायकलवरून आले आणि दुकानापुढे थांबले. पुढचा मला तोंडओळखीचा, कुठल्याशा संघटनेचं काम करायचा. उतरल्या उतरल्या म्हणाला, "ते समोरची बाई काय करून राह्यली इथं? लोकाईचा धर्म बदलवून राह्यली म्हणतात."

मी पाना हातात धरून उभा. दुकान माझं, गल्ली माझी, आणि भांडण पेटलं तर विझवायला कोणी येत नाही, हे मला ठाऊक होतं.

बाकड्यावरून रामरावकाका म्हणाले, "बराबर हाये. माहा बदलवला ना तिनं."

तिघं चमकले. "तुमचा?"

"पूर्ण! आधी मी चहात तीन चमचे साखर घेत होतो, आता बिनसाखरेचा घेतो. आधी आठले उठत होतो, आता पाचले उठून मैदानाले चक्कर मारतो. बीपीची गोयी चुकवत होतो, आता चुकवली तं घरी येऊन झापते. माहे तं आचार, इचार, सारं बदलवलं! लिहून घ्या बयान!"

मागचे दोघे हसले. पुढचा मात्र हसला नाही. तेवढ्यात एस्तेरच दार उघडून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, मले इचार ना. मी येशूची हाये, हे लपवत नाई. कोणी इचारलं तं सांगते, नाई इचारलं तं नाई सांगत. आजारी माणसाले पाह्यते तेव्हा त्याले काईच इचारत नाई. अजून काय पाह्यजे?"

त्याने बरंच विचारलं. आवाज चढवून विचारलं. ती एकेकाचं उत्तर देत राहिली. काही तिला टोचलंही, मला दिसत होतं. पण ती मागे सरकली नाही आणि आवाजही चढवला नाही. नरसन्नाने न सांगता चहा आणून ठेवला. चहा पिऊन दोघे मित्र पानाच्या ठेल्याकडे गेले.

हा एकटा उरला. ग्लास हातात फिरवत राहिला. मग एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, "ताई, एक इचारू काय? माह्या घरी बायकोले सातवा हाये. पाय लय सुजले. कालपासून डोकं धरून बसली, डोयापुढं चमकून राह्यलं म्हणते. आई म्हणते, होते असं."

एस्तेरने त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. आत गेली, बीपीचं मशीन घेऊन आली, आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली. "चाल. गाडी काढ लवकर!"

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. मित्र पान खाऊन परत आले तर याचा पत्ता नाही. "आमचा माणूस कोठं गेला?"

काका म्हणाले, "इथंच होता. आता आमचीच बाई घेऊन पळाला!"

त्याच्या बायकोचा बीपी भयंकर वाढलेला होता. एस्तेर तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात गेली आणि ती धोक्याबाहेर येईपर्यंत तिथून हलली नाही. बाळ लवकर झालं, पण झालं. आई आणि मुलगी दोघी सुखरूप. तो तरुण अजूनही त्याच संघटनेत आहे. गल्लीतून जाताना मात्र गाडी हळू करतो आणि सुशीलामावशींना विचारतो, "मावशी, काई आणाचं हाये काय बाजारातून?"

*

हा पुढचा किस्सा हसण्याचा नाही, पण याच्याशिवाय बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

वांकिडीच्या बाजूला एक गाव आहे. सगळी मराठी शेतकऱ्यांची वस्ती, कापूस आणि ज्वारी. ख्रिस्ती घरं मोजकीच. पण आफ्रिकेचे फोटो दाखवणार म्हटल्यावर सगळा गाव शाळेच्या खोलीत जमला. दुपारची वेळ. अंधार करायला खिडक्यांना कापसाची पोती लावली होती. मी मशीन धरायला, म्हणजे फोटोचं मशीन धरायला, सोबत गेलो होतो.

फोटो सुरू झाले. हसणाऱ्या बायका, कापडात बांधलेली बाळं, दवाखान्यासमोरचं आंब्याचं झाड. "आपल्यासारखाच आंबा हाये व!" असं कोणीतरी म्हणालं. प्रत्येक बाळाचा फोटो आला की बायका "अगो माय!" म्हणायच्या. छान चाललं होतं.

शेवटचा फोटो संपला आणि पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "बाई, सारीच जगली काय वं?"

एस्तेर हसत होती, ती थांबली.

मला वाटलं, काहीतरी गोड बोलून वेळ निभावून नेईल. एरवी न्यायचीच. पण ती खाली बसली, सतरंजीवर, म्हातारीच्या समोर. म्हणाली, "नाई आजी. सारी नाई जगली."

"जे नाई जगले त्याईचे फोटो नाईत?"

"नाईत."

"नावं हायेत?"

मग एस्तेरने नावं सांगितली. चिकोंडी नावाची एक पोरगी होती, पहिलटकरीण. नदीला पूर आला होता, सासऱ्याने तिला सायकलवर बांधून आणलं. बाळ वाचलं, तिचं रक्त थांबलं नाही. ती एस्तेरचा हात धरून होती, आणि एस्तेरचा दुसरा हात तिचं पोट दाबत होता. "मी प्रार्थना करत होते आजी, अन् दाबत होते. दोन्ही करत होते. तरी गेली." मग ताडाला नावाची दुसरी. मग ग्रेस, आणि ग्रेसची जुळी. गड्यांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या. चिकोंडी गेल्यापासून झोप लागत नव्हती, म्हणून मिशनच्या डॉक्टरांनी तिला या वेळी मुदतीच्या काही महिने आधीच घरी पाठवलं, हेही तिने तिथेच सांगितलं. आमच्या गल्लीत कोणाला ते ठाऊक नव्हतं. तिच्या आईलाही नाही.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माह्या मोठ्या सुनेचं असंच झालं होतं. बैलगाडीत. यमुना नाव होतं. तू देवाजवळ त्याईचं नाव घेत असशीन तं तिचंबी घेत जाय."

"आताच घेते आजी," एस्तेर म्हणाली.

आणि तिने घेतलं. चिकोंडी, ताडाला, ग्रेस, यमुना. मागून एका बाईने आणखी एक नाव सांगितलं. मग आणखी एक. एस्तेर डोळे मिटून एकेक नाव घेत राहिली. खोलीत ख्रिस्ती कोण, हिंदू कोण, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येणार नाही.

परतताना जीपमध्ये ती खिडकीला डोकं टेकवून झोपली. अगदी गाढ. आदिलाबाद आलं तरी उठेना. ड्रायव्हर म्हणाला, "उठवू काय?"

मी म्हटलं, "नको. एक चक्कर अजून मार."

*

तिच्या दवाखान्यात पायाने चालवायच्या शिलाई मशीन आहेत. चादरी, बाळांचे कपडे तिथेच शिवतात. त्यातल्या निम्म्या बंद. म्हणून तिने माझ्याकडे मशीन दुरुस्ती शिकायचं ठरवलं.

माझ्या आयुष्यात इतका वाईट विद्यार्थी मी पाहिला नाही! ज्या हातांनी शेकडो बाळं धरली, त्या हातांना दोऱ्याची छोटी बॉबिन धरता येईना. स्क्रू घरंगळून गटारात. पट्टा उलटा. एकदा तर बॉबिन जिच्यात बसते ती शटल अशी ओढली की मी ओरडलो, "एस्तेर, हळू! बाळ नाई ते!"

ती माझ्यावरच उखडली. "बाळाले कोणी ओढत नसते, वसंता! ते आपल्या मनानं येते. तुही मशीनच आडमुठी हाये!"

शेवटी तिने हार मानली आणि तिकडच्या टेलरला व्हिडिओ कॉल लावला. तिकडचा टेलर म्हणजे माझ्याच वयाचा, चष्मा नाकाच्या टोकावर, कानावर खडू. समोर उघडलेली मशीन. मी तिकडची भाषा शिकलो नव्हतो, तो मराठी शिकला नव्हता. एस्तेर मध्ये बसून इकडचं तिकडे सांगू लागली, पण तिला पार्टांची नावं धड माहीत नाहीत. "ते गोल गोल," असं ती दोन भाषांत सांगत होती! मी म्हटलं, "तू बाजूला हो." मी माझी मशीन उघडून फोनसमोर ठेवली. मी सुई काढली, त्यानेही काढली. मी शटल दाखवली, त्याने पुसून दाखवली. मी सुई आणि शटलचं टायमिंग जुळवताना बोट वर केलं, त्यानेही बोट वर केलं. बाकड्यावरचे सगळे मागून वाकून बघत होते, आणि त्याच्या मागूनही तिकडची नर्स, रखवालदार, दोन बाळंतिणी वाकून बघत होत्या.

त्याने पाय दाबला. खट्. खट्. मग खटखटखटखट!

दोन्हीकडे टाळ्या पडल्या. तिकडच्या एका बाळंतिणीने तर जिभेने उलुलुलु असा आवाज काढला. टेलरने दोन्ही हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाला, "झिकोमो! झिकोमो क्वांबिरी!"

"काय म्हनला?" काकांनी विचारलं.

"थँक्यू म्हणाला. लय थँक्यू."

काकांनी फोन उचलला, तोंडाजवळ धरला आणि तहसीलीतला जुना आवाज लावून म्हणाले, "मेन्शन नॉट!"

*

वर्ष सरत आलं तेव्हा सुशीलामावशी न्हाणीत घसरून पडल्या. हात मोडला. प्लास्टर लागलं. वय झालेलं, डोळ्यांना कमी दिसायचं, आणि घरात दुसरं कोणी नाही. एस्तेर एकुलती एक.

त्या रविवारी एस्तेर चर्चमध्ये उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी आता परत जाणार नाई. आईजवळ राहीन." लोकांनी मान डोलावली. कोणीही डोलावली असती. गल्लीत आम्हालाही बरं वाटलं. कांता म्हणाली, "चांगलं झालं." नरसन्ना म्हणाला, "मंचिदी अम्मा, चांगलं." काका म्हणाले, "सजा माफ!" एस्तेरही हसली, पण मलावीच्या टेलरचा फोन आला तो तिने उचलला नाही. फोन वाजू दिला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. ना चर्चमध्ये, ना घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होतो. समोरचं दार उघडलं. मावशी बाहेर आल्या. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या बगलेत उशी, आणि मनगटाला कापडी पिशवी, तिच्यात बायबल आणि चष्म्याचं घर. गल्ली ओलांडून त्या सरळ दुकानामागच्या माझ्या घरात शिरल्या.

"कांता, तुमची मागची खोली खाली हाये ना व?"

"हाये मावशी. काऊन?"

"मंग आता मी इथं राह्यनार."

त्यांनी खाटेवर उशी ठेवली, थोपटली, आणि स्वयंपाकघरात येऊन कांतासमोर बसल्या. कांता अंबाडीची भाजी निवडत होती. मावशींनी जुडी आपल्याकडे ओढली आणि एका हाताने पानं खुडायला लागल्या. कांता माझ्याकडे बघायला लागली, मी कांताकडे. विचारायची कोणाची हिंमत! लहानपणी नाक पुसलेल्या माणसाला आपण काय विचारणार?

थोड्या वेळाने एस्तेर धावत आली. अनवाणी, केस मोकळे. सगळी गल्ली शोधून आली होती. दाराची चौकट धरून उभी राहिली, धापा टाकत.

"आई! इथं काय करून राह्यली? चाल घरी!"

मावशींनी मान वर केली नाही.

"कांता, दारात कोन हाये व?"

कांताने दाराकडे पाहिलं. "मावशी... एस्तेर हाये ना."

"एस्तेर?" मावशींनी एक पान खुडून टोपलीत टाकलं. "माही एस्तेर तं आफ्रिकेत असते."